सात पंचवीसची चार मिनिटं

नाना, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी सात पंचवीसला आपल्या बातम्या झाल्या. भावकीतल्या लोकांनी आदल्या संध्याकाळीच काकींना बजावलं होतं की निदान तेरावा होईपर्यंत तरी ते चॅनेलचं खूळ बंद ठेवा, घरात सुतक आहे. काकी डोळे पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "घड्याळ बंद ठिवलं तर डेअरी कवा उगडायची? पोरांनी शाळंत कवा जायाचं? ह्येंनी आजारपणात एक दिस बंद ठिवलं न्हाई, मी कशी ठिवू?" मला मात्र कुणी विचारलंच नाही, की शैला, तू उद्या वाचशील का. मी वाचणार हे सगळे धरूनच चालले होते.

त्या सकाळी काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण एकदम तिथं पोचायला जीव धजत नाही, म्हणून आधी कॅसेटकडे जाते. तुमच्याबद्दलचं माझं सगळं त्या कॅसेटपासूनच सुरू होतं.

अठ्ठ्याण्णव साली तुमचा भाचा कंपनीच्या कामाला तीन महिने इंग्लंडला गेला. कुणी त्याला अत्तर आणायला सांगितलं, कुणी चॉकलेटं. तुम्ही त्याच्या हातात कोरी व्हिडिओ कॅसेट ठेवलीत आणि म्हणालात, "तितल्या टीव्हीवर सकाळचं काय दावत्यात ते भरून आन. समदं. मधलं काय बी पुसू नको." लवळ्यात तेव्हा तुमची केबल नवी होती. डोंगरावर अजून कॉलेजं आली नव्हती, हॉस्टेलं नव्हती, आणि तुम्ही स्वतः खांबावर चढून वायरी ओढत होता. आमच्या वडलांच्या मते तुम्ही चांगली भातखाचरं भावाच्या हवाली करून पत्र्याच्या छत्र्या लावत सुटलेला वेडा माणूस होता.

भाच्यानं एका सकाळचा तीन तासांचा कार्यक्रम भरून आणला. त्याचा अर्थ सांगायला तुम्ही मला बोलावलंत, कारण मी डी.एड. करत होते आणि मला इंग्रजी बऱ्यापैकी कळायचं. गावात इंग्रजी येणारी आणखीही दोघं-तिघं होती, पण रोज संध्याकाळी येऊन तीच कॅसेट बघायची तयारी फक्त माझी. मला दुसरा उद्योग नव्हता आणि मैत्रिणीही फार नव्हत्या. मी अडखळत बोलायचे. इतर अक्षरांवर कशीबशी निभवायचे, पण 'प' आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. समोरचा माणूस आधी वाट बघायचा, मग माझी कीव आल्यासारखा तो शब्द स्वतःच बोलून टाकायचा. पाणी मागायचं तर मी हातानं खूण करायचे. मास्तरीण व्हायला निघालेल्या मुलीची ही तऱ्हा.

कॅसेटवर काय होतं? लंडनमध्ये एका लाल कोचावर एक बाई आणि एक बुवा बसलेले, पुढ्यात चहाचे मग, देशाच्या आणि जगाच्या बातम्या सांगत हसतखेळत चाललेले. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ, म्हणजे लोकांनी आवरता आवरता बघावं आणि घराबाहेर पडावं. आणि दर अर्ध्या तासानं ती दोघं थांबून म्हणायची, आता तुमच्या भागातल्या बातम्या. की चित्र बदलायचं. लोखंडी पुलाच्या फोटोपुढे एक मुलगी एकटीच बसलेली दिसायची. ती सांगायची की नदीवरच्या रस्त्याची एक बाजू आज बंद आहे, अमुक शाळेचा बॉयलर बिघडल्यामुळे शाळेला सुट्टी आहे, तमुक वळणावर मेंढरं रस्त्यात आली आहेत तेव्हा गाड्या जपून हाका, आणि दुपारनंतर आपल्या भागात भुरभुर पाऊस येईल. चार मिनिटं. मग ती हसून परत लंडनच्या स्वाधीन करायची.

मी मेंढरांचं भाषांतर केलं तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. "परत लाव." मी परत लावलं. "म्हंजी लंडनवाली बोलायची थांबली? हिच्यासाठी? मेंढरासाठी?" आणि मग पडद्याकडे बघत, देवळात बोलतात तसं हळू बोललात, "एवढं मोठं लंडन थांबतंय की गं शैले."

मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं की नाना, लंडन काही थांबत नाही. हिच्या भागात ही दिसते, दुसऱ्या भागात दुसरी कुणी दिसत असेल, आणि लंडनच्या लोकांना त्याच वेळी लंडनच्या बातम्या मिळत असतील. कुणी कुणासाठी हात बांधून बसत नाही. तुम्ही मानलं नाहीत. "मग ती दोगं कोचावर त्येवड्या वेळात काय करत्यात?" पाणी पीत असतील, कागद चाळत असतील. "म्हंजी थांबल्यातच की!" अकरा वर्षं आपण हे भांडलो. तुमच्या बाजूनं पुरावा नव्हता आणि माझ्याही नव्हता, कारण कॅसेट एकाच भागातली. भाच्यालाही नक्की माहीत नव्हतं, तो बिचारा त्या वेळी हॉटेलात दाढी करत असायचा.

पण तुम्ही नुसतं आश्चर्य करून थांबलात थोडेच? तुम्ही ते लवळ्यात आणलंत. सकाळी गावात सगळे बघायचे ते मराठी चॅनेल पकडून तुम्ही ठरवलंत की सात पंचवीसला त्यांच्या जाहिराती आणि गाणं लागतं, तेवढ्यात आपण घुसायचं, आणि सात एकोणतीसला परत त्यांच्या स्वाधीन करायचं, कारण एकोणतीसला राशिभविष्य सुरू होतं. हे कायद्यात बसत होतं का, देव जाणे. तुम्ही कुणाला विचारलं नाहीत, आणि तुम्हाला विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या पडवीत पडदा लावून स्टुडिओ झाला. पाठीमागे लोखंडी पुलाच्या जागी गावच्या ओढ्यावरच्या साकवाचा फोटो. जाहिराती फिरवायच्या जुन्या कंप्युटरवर तुम्ही कुणाकडून तरी घड्याळ बसवून घेतलंत, रोज पहाटे रेडिओच्या वेळेशी ते लावायचात, आणि साडेसहा ते साडेआठ ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचं.

वर्षभरात गाव त्या घड्याळावर चालायला लागलं. डेअरीचं दार त्यावर उघडायचं, हेडमास्तर त्यावर घंटा द्यायचे, आणि हिंजवडीच्या कंपन्या सुरू झाल्यावर फाट्यावरची बस पकडणारी पोरंही त्यावरच घोट घोट चहा संपवायची. "नानाच्या घड्याळात किती वाजलं?" असं लोक विचारायचे. मनगटावर घड्याळ असलेला माणूसही विचारायचा.

बातम्या वाचायला तुम्ही मला का निवडलंत, हे मला आजही नीट कळलेलं नाही. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. वडील तर तुमच्या ओट्यावर भांडायलाच आले होते. "पोरगी अडकती बोलताना. समद्या गावाला तमाशा दावायचा हाय व्हय?" तुम्ही त्यांना बसायला पाट दिलात आणि म्हणालात, "कॅसेटचा अर्थ सांगताना तास तास बोलती. मेंढराच्या टायमाला एकदा बी अडकली न्हाई. बातमी दुसऱ्याची आसली की अडकत न्हाई ती." हे खरं होतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. नाना, अठरा-वीस वर्षं माझ्या तोंडाकडे लोकांनी बघितलं होतं, पण मी कधी अडकत नाही हे तुम्ही पहिल्यांदा बघितलंत.

आणि तरी तुम्हीच मला कापलंत. पहिल्याच महिन्यात. ती सकाळ मी विसरले नाही, तुम्हीही विसरला नसाल. शेवटची बातमी होती पिरंगुटच्या बाजाराची. मी 'पि' वर अडकले. ओठ मिटले. घड्याळात एकोणतीस झाले आणि तुम्ही खटकन बटण दाबलंत. गावानं बघितलं ते असं की शैला तोंड मिटून, डोळे ताणून बसली आहे आणि पुढच्या क्षणाला मेष राशीला धनलाभ. त्या दिवशी डेअरीवर पोरं माझ्यामागे शिट्टी वाजवल्यासारखी 'पि-पि' करत होती.

मी तुमच्याशी भांडले. दहा सेकंद द्यायला काय झालं होतं तुम्हाला? फक्त दहा. तुमचा चेहरा दगडासारखा. "दहा दिलं की वीस मागशील. सरपंचाला दिली न्हाई मी येक बी जादा. घड्याळ म्हंजी घड्याळ." मी म्हणाले, ठेवा तुमचं घड्याळ, आणि घरी गेले. दोन दिवस आले नाही. त्या दोन दिवसांत बातम्या तुम्ही स्वतः वाचल्यात. सगळा गाव सांगत होता की नाना म्हैस हाकल्यासारखे वाचतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. व्हीसीआर डोक्यावर घेऊन, कॅसेट सदऱ्यात. वडील काही बोलायच्या आत वायरी जोडून मोकळे. आणि कॅसेटवरची ती एक जागा लावलीत. पुलवाली मुलगी एका गावाचं नाव घेताना अडखळते. दुसऱ्यांदा घेते, पुन्हा अडखळते. मग हसते, काहीतरी म्हणते, आणि तिसऱ्यांदा नीट घेते. पुढे मेंढरं. मी ती कॅसेट पन्नासदा तरी पाहिली होती आणि त्या जागेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. "काय म्हनली ती हसताना?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, ती म्हणाली, थांबा, परत सांगते. "बास. आभाळ पडलं का? पूल पडला का?" आणि तुम्ही ती चार सेकंदं पुन्हा पुन्हा लावत राहिलात, आई चहा घेऊन आली, वडील शेजारी येऊन बसले, आणि शेवटी वडीलच म्हणाले, "जा उद्यापास्नं."

त्यानंतर तुम्ही मला एकदाही कापलं नाहीत. एकदाही नाही, नाना, अकरा वर्षांत. मी परत आले त्या दिवसापासून माझ्या समोरचा छोटा टीव्ही तुम्ही भिंतीकडे वळवून टाकलात, म्हणालात, नजर घड्याळाकडं गेली की जीभ अडकती, तू नुसती वाच, शेवटची तीस सेकंदं उरली की मी मूठ मिटून दावीन. आणि मी रोज वेळेत बसायला लागले. अडकले तरी हसून 'थांबा, परत सांगते' म्हणायचे, परत सांगायचे, आणि तरी वेळेत. वाचून झालं की पडद्याबाहेर येऊन बघायचे, कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर सात एकोणतीस. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा! मला वाटायचं, मी दोन दिवस रुसले, जिद्दीला पेटले आणि 'प'ला जिंकलं.

एक तक्रार मात्र गावात कायम असायची. मेष राशीवाल्यांची. त्यांचं भविष्य सुरुवातीलाच असायचं आणि बऱ्याचदा ते अर्धवटच लागायचं, कधी तर थेट वृषभ. मेषेची माणसं तुमच्याकडे भांडायला यायची. तुम्ही शांतपणे सांगायचात, "चॅनेलवाले आज लवकर सुरू झाले." आणि कुणी फारच तापलं तर, "मेषवाल्यांना धीर धरायला शिकवायचं आसंल देवाला." मी पडद्यामागे हसायचे.

आणि तो लोडशेडिंगचा उन्हाळा. सकाळी सहा ते नऊ गावात वीज नसायची. तुमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण बघणार कोण? मी म्हणाले, नाना, आज नको वाचूया, सगळ्या गावाचे टीव्ही बंद आहेत. तुम्ही कॅमेरा पुसत होतात. "डोंगरावरच्या हॉस्टेलला जनरेटर हाय," म्हणालात. हॉस्टेलमधली पोरं साडेसातला झोपलेली असणार हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. पण मी वाचलं. टँकर कुठल्या आळीला येणार ते, हरवलेल्या पारड्याचं, शाळेतल्या लशीचं. पूर्ण चार मिनिटं. तुम्ही मूठ दाखवलीत, बटण दाबलंत, आणि दूर कुठं तरी खरंच कोणी बघत असल्यासारखं कॅमेऱ्याकडे बघून मान हलवलीत. ज्याला ऐकणारं कोणी नाही त्या गोष्टीतही तुम्ही एक सेकंद इकडचा तिकडे होऊ दिला नाहीत, निदान मला तसं वाटलं.

शिक्षकाच्या मुलाखतीला गेले तेव्हा टेबलापलीकडे पाच जण होते. मी वडलांचं नाव सांगताना अडकले, हसले, म्हणाले, थांबा, परत सांगते. नोकरी लागली. पहिलीच्या वर्गाला मी पाणी शब्द शिकवते, पान शिकवते, पाटी शिकवते. लग्न गावातच झालं म्हणून सकाळचं वाचनही सुटलं नाही. तुमचे आभार मानायचे राहून गेले, कारण दरवेळी तोंड उघडलं की तुम्ही मध्येच म्हणायचात, "फोटोतला साकव जुना झालाय, नवा काढाय पायजे."

शेवटचे सहा महिने तुम्ही आतल्या खोलीत खाटेवर होतात आणि यंत्रावर काकी बसायच्या. बातम्या झाल्या की मी आत येऊन बसायचे. एके दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "आता तुला कुणाची गरज न्हाई. चार मिंटात लई नीट बसतीस." आणि मी ताठ मानेनं म्हणाले, हो नाना, आता सवय झाली. तुम्ही हसलात. ते हसणं मला तेव्हा थकल्यासारखं वाटलं होतं. मग तुम्ही लंडनचा विषय काढलात, मी म्हणाले नाही थांबत, तुम्ही म्हणालात थांबतं, आणि काकी औषध घेऊन आल्या. तेच आपलं शेवटचं धड बोलणं.

आता ती सकाळ.

पडवीत माणसांना बसायला जागा हवी म्हणून रात्री कुणीतरी टेबलं सरकवली होती. ती परत लावताना समोरचा छोटा टीव्ही माझ्याकडे तोंड करून ठेवला गेला. मला ते वाचायला बसल्यावर दिसलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा मी वाचताना घड्याळ बघत होते. पडद्यापलीकडे बायका रडत होत्या, काकी कंप्युटरपुढे बसल्या होत्या, पदर तोंडात धरून. मी विजेची बातमी वाचली, डेअरीची वाचली, शाळेच्या सहलीची वाचली. शेवटची बातमी मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. 'आपल्या गावात केबल आणणारे आणि या बातम्या सुरू करणारे श्री.' आणि पुढे तुमचं नाव. पांडुरंग.

'श्री.' पर्यंत वाचलं आणि थांबले. घड्याळात सात अठ्ठावीस आणि एकेचाळीस सेकंद होते. ओठ मिटले. बेचाळीस झाले. मग त्रेचाळीस झालेच नाहीत.

मला वाटलं कंप्युटर बंद पडला. पण गेल्या वर्षीच्या यात्रेतल्या कुस्त्यांची जाहिरात खाली नीट सरकत होती. फक्त घड्याळ उभं. मी डोळे वर केले. काकींचा उजवा अंगठा कीबोर्डाच्या लांब बटणावर दाबलेला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या, सावकाश होऊ दे, असं. आणि त्यांची ती मान हलवण्याची तऱ्हा सगळी तुमची होती.

किती वेळ गेला ते मला कळलं नाही. काकी नंतर म्हणाल्या दीड मिनिट. मग मी नाव घेतलं. काकींनी अंगठा उचलला, त्रेचाळीस झाले, चव्वेचाळीस झाले, अंत्यविधी झाल्याचं आणि दहाव्याचं सांगून मी बरोबर सात एकोणतीसला संपवलं. बाहेर खरे किती वाजले होते कोण जाणे. मेष गेली, वृषभही गेली.

माणसं पांगल्यावर मी काकींना धरलं. हे काय होतं? काकींनाच आश्चर्य वाटलं. "म्हंजी तुला ठावं न्हाई? तू रुसून परत आलीस त्या दिसापास्नं करत्यात की. तू अडकलीस की बटणावर अंगठा. सुटलीस की अंगठा उचलायचा. जेवडं घड्याळ मागं पडायचं तेवडं मग साडेआटपत्तुर दोन-दोन सेकंद फुडं ढकलायचे, कुणाला कळू न देता. मला बी तसंच शिकवलंय."

मी विचारलं, किती वेळा, काकी? "पयल्यांदा रोजच. मग आटवड्यातनं दोनदा-तीनदा. ह्या दोन वर्सांत तर हाताच्या बोटावर." मग डोळे पुसून म्हणाल्या, "दोन बाऱ्या कुणाची तरी कंपनीची बस चुकली घड्याळापायी. ह्येंनी त्यास्नी मोटरसायकलवर घालून हिंजवडीला पोचवलं." मी ते पाहिलं होतं, नाना! गळ्यात कार्ड अडकवलेला एक पोरगा मागे बसलेला आणि तुम्ही भरधाव निघालेले. मी वडलांना म्हणाले होते, नानांना आता हा कसला नवीन छंद. आणि सगळ्यात शेवटी काकी काय म्हणाल्या सांगू? "माजी रास बी मेषच हाय. अकरा वर्सं झाली, माजं भविष्य काय ते मला ठावं न्हाई."

मी त्या दिवशी घरी जाऊन तुमच्यावर चिडले. खरंच चिडले. मला खोटं जिंकू दिलंत म्हणून, आणि त्या दिवशी 'हो, सवय झाली' म्हणाले तेव्हा हसलात म्हणून. दोन दिवस मी स्वतःशी हिशेब घालत होते की माझं त्यातलं किती आणि तुमचं किती. पण राग टिकेना. सरपंचाला एक सेकंद न देणारा माणूस! डेअरीचं दार, शाळेची घंटा, फाट्यावर पळत सुटलेली पोरं, राशी, ग्रह, सगळं काही तुम्ही एका अंगठ्याखाली धरून ठेवलंत, कशासाठी, तर एका मुलीचे ओठ उघडावेत म्हणून. आणि ते मला कळू दिलं नाहीत, कारण कळलं असतं तर ते उघडले नसते. एवढं मोठं काम मी इतक्या जवळून पाहिलं आणि मला त्यातला भिंतीकडे वळवलेला टीव्ही तेवढा दिसला.

गावात आता सगळे म्हणतात, शैला नानांच्या नावावर अडकली बिचारी, त्यांचं नाव नेमकं 'प' वरनं. काकीही तेच समजल्या, म्हणून अंगठा ठेवला. मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. तुम्हाला मात्र खोटं सांगणार नाही, कारण तुम्ही माझे ओठ माझ्यापेक्षा चांगले ओळखत होतात आणि तुम्ही तिथं असतात तर बटणाला हातही लावला नसतात.

नाना, मी अडकले नव्हते. पांडुरंग हे नाव माझ्या जिभेवर तयार होतं, आयुष्यात कुठलाच 'प' इतका सोपा झाला नव्हता. पण ते म्हटलं की तुम्ही गेलात हे मीच गावाला सांगणार होते. घड्याळ बेचाळीसवर उभं होतं, आणि जोवर मी बोलत नव्हते तोवर ती बातमी झालेली नव्हती. म्हणून मी तोंड मिटून बसून राहिले.